आधी दार, मग इमारत

1899 मध्ये जर्मनीतल्या काउंट झेपेलिन यांनी आपल्या पहिल्या हवाई जहाजासाठी हँगर, म्हणजे ते ठेवायची इमारत बांधली, ती चक्क कॉन्स्टन्स सरोवराच्या पाण्यावर. हायड्रोजन भरलेलं 128 मीटर लांबीचं ते धूड बाहेर काढताना बाजूनं वाऱ्याचा जोरदार झोत आला असता, तर ते दारावरच आपटलं असतं. तरंगता हँगर एका टोकाला नांगरून ठेवला, की तो वाऱ्याबरोबर आपसूक फिरतो आणि जहाज वाऱ्याच्या रेषेतच बाहेर पडतं. इतका साधा आणि इतका अचूक तोडगा क्वचितच सुचतो.

विमानं आणि रॉकेटं ठेवायच्या इमारतींचं कोडं तेव्हापासून बदललेलं नाही. उंची आणि खांबांविना पेललेलं छप्पर याचं आपल्याला अप्रूप वाटतं, पण अभियंत्यांची झोप उडवतं ते दार. भिंत म्हणजे नुसता आडोसा नसतो, ती सांगाड्याला ताठ धरते. एक अख्खी बाजू दारासाठी मोकळी सोडली, की उरलेला सांगाडा वाऱ्यात पिळला जाऊ लागतो. त्यातून वारा दारातून आत शिरला आणि त्याला पलीकडे वाट मिळाली नाही, तर आतला दाब वाढून छपराला खालून रेटतो. छपरावरून वेगानं जाणारा वारा त्याच वेळी त्याला वर खेचत असतो. जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ वादळात रायगडच्या किनाऱ्यावर घरांचे पत्रे उडाले, त्यामागे हेच दुहेरी बळ होतं.

अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात 1929 मध्ये गुडइयर कंपनीनं हवाई जहाजांसाठी 358 मीटर लांबीचा हँगर उभारला. त्याची दारं संत्र्याच्या सालीच्या फाकीसारखी वळलेली आहेत. सपाट दारांवर वारा थडकून भोवरे उठले असते. इथे तो गोलाईवरून अलगद सरकून जातो.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्राची व्हेइकल असेंब्ली बिल्डिंग. वास्तुविशारद मॅक्स उरबान यांच्या चमूनं आखलेली ही इमारत 1966 मध्ये पूर्ण झाली. चंद्राकडे निघालेली सॅटर्न-5 रॉकेटं इथेच उभ्यानं जोडली गेली. रॉकेट 110 मीटरचं, त्याच्या शेजारी फिरत्या तळावर त्याहून उंच मनोरा, आणि हे सगळं एकत्रच बाहेर न्यायचं. म्हणून दार 139 मीटर उंच! अशी चार दारं, इमारतीची उंची 160 मीटर.

दाराची आखणी नीट पाहण्यासारखी आहे. खाली तळ आणि तो वाहून नेणारं अजस्र वाहन, म्हणून तिथे सुमारे 46 मीटर रुंदी. वर फक्त रॉकेट आणि मनोरा, तिथे जेमतेम 23 मीटर. खालची चार पानं आडवी सरकतात, वरची सात एकामागून एक उचलली जातात. पूर्ण उघडायला पाऊण तास लागतो. वरची फट अर्धीच ठेवल्यानं भिंतीचा बराच भाग शाबूत राहिला आणि सांगाड्याला जोर मिळाला.

जमिनीखालचं काम तर आणखी कसोटीचं. फ्लोरिडात चक्रीवादळं येतात, आणि आत मोठी पोकळी असलेली ही इमारत आकाराच्या मानानं हलकी आहे. ती जागची हलू नये म्हणून 4,225 पोलादी नळ्या सुमारे 50 मीटर खोल, खडकापर्यंत ठोकल्या. तिथली जमीन खाऱ्या पाण्यानं भिजलेली. खारं पाणी आणि पोलाद एकत्र आलं की वीजप्रवाह सुरू होतो, म्हणजे अख्खा पाया बॅटरी बनून गंजत गेला असता. अभियंत्यांनी प्रत्येक नळीला तांब्याची तार जोडून ती वरच्या काँक्रीटमधल्या सळ्यांना बांधून टाकली, म्हणजे पायाला अर्थिंगच दिलं. 2004 मध्ये ‘फ्रान्सिस’ वादळानं बाहेरचे आठशेहून अधिक पत्रे उचकटले, सांगाडा मात्र उभाच राहिला.

आपल्याकडे श्रीहरीकोटालाही बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा धोका आहे. तिथल्या पहिल्या प्रक्षेपण तळावर इस्रोनं वेगळी वाट धरली. रॉकेट जागेवरच उभं करायचं आणि त्याभोवतीचा 76 मीटर उंचीचा मनोराच उड्डाणाआधी रुळांवरून मागे न्यायचा. पद्धत हुशारीची, पण जोडणी चालू असेपर्यंत तळ अडकून पडे. दुसऱ्या तळासाठी 82 मीटर उंचीची स्वतंत्र जोडणी इमारत बांधली. तिच्यातून रॉकेट रुळांवरून सुमारे 1 किलोमीटर अंतरावरच्या तळावर जातं. मे 2005 मध्ये पीएसएलव्ही-सी6 हे रॉकेट इथून उडालं. 14 जुलै 2023ला चांद्रयान-3 घेऊन निघालेलं रॉकेटही याच तळावरून गेलं. पहिल्या जोडणी इमारतीच्या सोबतीला आता दुसरीही उभी आहे, त्यामुळे एक रॉकेट तळावर असताना पुढच्याची जोडणी छपराखाली सुरू करता येते.