बालगृह ते बालसंगोपन : पैसे संस्थेला की आईला?

नवरा गेला की जूनमध्ये कुणीतरी बाईला सांगतंच, तालुक्याला बोर्डिंग आहे, खाणंपिणं फुकट, पोरांना टाक तिथं. बऱ्याचदा ते बोर्डिंग नसतंच, निराधार मुलांना ठेवायचं बालगृह असतं. म्हणजे घरी आई धडधाकट आणि पोरगं सरकारी कागदावर "काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक".

हे आजचं नाही. १९२४ चा मुंबईचा मुलांचा कायदा, मग १९४८ चा, या सगळ्यांचा भर मुलाला वाईट परिस्थितीतून उचलून संस्थेत ठेवण्यावर. पुढे संस्थांना अनुदान मिळायला लागलं तेही डोक्यामागे, म्हणजे मुलं जास्त तर पैसे जास्त, आता अशात मूल घरी परत जावं म्हणून कोण धडपडणार सांगा. आणि बऱ्याचदा गरिबी सोडली तर मुलाच्या घरात दुसरं काही वाईट नसायचंच. याच्या कितीतरी आधी, १८६३ मध्ये, जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तिथं विधवेला गुपचूप बाळंत होता यायचं आणि मूल न्यायचं की तिथंच ठेवायचं हे ती ठरवायची. सरकारला हे सुचायला शंभरावर वर्षं लागली.

१९९२ ला भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला, त्यात मुलाला आईवडिलांपासून उगाच तोडू नका असं स्पष्ट आहे. मग २००० चा बाल न्याय कायदा, आणि २०१५ च्या कायद्यात तर संस्था हा शेवटचा उपाय असं तत्त्वच घातलं.

महाराष्ट्रात याचं घरगुती रूप म्हणजे बालसंगोपन योजना. एक पालक गेलाय, घटस्फोट झालाय, पालक तुरुंगात किंवा मोठ्या आजारात आहे, अशा घरातल्या मुलासाठी १८ वर्षांपर्यंत महिन्याला रक्कम. बरीच वर्षं ती फक्त ४२५ रुपये होती!! एवढ्यात पोरगं घरी ठेव म्हणणं म्हणजे चेष्टाच. कोविडमध्ये एकल महिला हजारोंनी अर्ज घेऊन आल्या तेव्हा कुठे रक्कम ११०० झाली, मग २०२३ ला २२५०, आणि योजनेला सावित्रीबाईंचं नाव दिलं.

अर्जाला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, शिवाय घरासमोर आई आणि मुलं एकत्र उभी असलेला फोटो. मग गृहभेट, मग अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीचा आदेश, समिती जिल्ह्याच्या गावी, म्हणजे एका चकरेला बाईची एक दिवसाची मजुरी बुडते. पैसेही दर महिन्याला येतील असं नाही, मध्येच तटतात, मग कधीतरी एकदम जमा होतात. फी मात्र जूनमध्येच भरायची असते.

आणि गंमत म्हणजे केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत अशाच मुलाला घरी राहण्यासाठी महिन्याला ४००० आहेत, राज्याच्या योजनेत २२५०. बाईच्या हातात कुठला फॉर्म पडतो त्यावर सगळं.