देवी गेली, भावकी राहिली

1970 च्या सप्टेंबरमध्ये काँगोतल्या बासांकुसूच्या इस्पितळात नऊ महिन्यांचं एक बाळ दाखल झालं. अंगभर देवीसारखे फोड होते. पण त्या भागातून देवी दोन वर्षांपूर्वीच हद्दपार झाली होती, त्यामुळे सगळ्यांच्याच पोटात गोळा आला. नमुने मॉस्कोच्या प्रयोगशाळेत गेले, तेव्हा त्यांत देवी नव्हे तर तिच्या भावकीतला विषाणू निघाला. 1958 मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांमध्ये तो आढळला होता. माणसात मात्र प्रथमच दिसत होता. त्या घरात देवीची लस न टोचलेलं ते एकटं बाळच होतं.

मंकीपॉक्सचा, म्हणजे आताच्या एमपॉक्सचा, पुढचा प्रवास या एका तपशिलातून उलगडतो. देवीची लस या विषाणूलाही बऱ्यापैकी अडवते. आफ्रिकेतल्या जुन्या पाहणीत हे संरक्षण सुमारे 85 टक्के भरलं होतं. 1980 मध्ये देवीचं उच्चाटन जाहीर झालं आणि जगभर लस देणं थांबलं. तो निर्णय योग्यच होता, कारण त्या लसीचे दुष्परिणामही गंभीर असत. पण लसीचा गोल वण आज साधारण पन्नाशीच्या आसपासच्या किंवा त्याहून मोठ्यांच्याच हातावर दिसतो. त्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांना ते कवच नाही.

विषाणूचा मुक्काम मुळात आफ्रिकेच्या वर्षावनांतल्या खारी, उंदीर अशा प्राण्यांत असावा. माकडं त्याला आपल्यासारखीच बळी पडतात. 2003 मध्ये घानाहून अमेरिकेत आणलेल्या उंदरांकडून तो प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या पाळीव प्राण्यांना आणि त्यांच्यापासून 47 माणसांना झाला. तेव्हा साखळी तिथेच तुटली. 2022 मध्ये तो शंभराहून अधिक देशांत पोहोचला, तो मात्र माणसाकडून माणसाकडे. 2023 मध्ये काँगोतल्या कामितुगा या सोन्याच्या खाणींच्या गावात त्याचा आणखी एक उपप्रकार फैलावू लागला. आधी तो शरीरसंबंधांतून पसरला, मग घराघरांतून लेकरांपर्यंत गेला. जागतिक आरोग्य संघटनेला दोनदा, जुलै 2022 आणि ऑगस्ट 2024 मध्ये, आणीबाणी जाहीर करावी लागली. दोन्ही वेळा भारतातही रुग्ण सापडले. पहिला केरळच्या कोल्लममध्ये, आखाती देशातून आलेला. त्याच्या नमुन्याची खात्री आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने केली.

2022 च्या साथीत समलिंगी पुरुष मोठ्या संख्येने आजारी पडले आणि हा ‘त्यांचा’ आजार असं सर्रास बोललं गेलं. याचा मला मनापासून राग येतो. या विषाणूला हवा असतो त्वचेचा त्वचेशी दीर्घ स्पर्श, मग तो जोडीदाराचा असो की आजारी लेकराला कुशीत घेणाऱ्या आईचा. रुग्णाचे टॉवेल, अंथरूण-पांघरूण, समोरासमोर बराच वेळ बसणं यातूनही तो जातो. लाजेपायी माणूस फोड लपवतो, दवाखान्यात जात नाही आणि साथ वाढते.

संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांच्या आत ताप, अंगदुखी सुरू होते, मग पुरळ येतं. कांजिण्यांशी गल्लत हमखास होते. मानेत, काखेत किंवा जांघेत सुजलेल्या गाठी आणि तळहात-तळपायांवरचे टणक, मध्ये खळगी असलेले फोड दिसले की डॉक्टरांना एमपॉक्सची शंका येते. पण अलीकडच्या साथींत कित्येकांना जननेंद्रियाजवळ किंवा तोंडात दोन-चारच फोड आले, तापही नव्हता. काँगोत तर कधी कधी एकाच रुग्णात कांजिण्या आणि एमपॉक्स दोन्ही सापडतात. म्हणून नुसत्या नजरेवर निदान ठरत नाही. फोडावर स्वॅब जोरात घासून किंवा खपली काढून पीसीआर चाचणी करावी लागते. रक्त तपासून भागत नाही, कारण विषाणू रक्तात थोडेच दिवस राहतो. खपलीत मात्र तो भरपूर असतो.

त्यामुळेच सगळ्या खपल्या गळून खाली नवी कातडी येईपर्यंत रुग्णाने वेगळं राहायचं. याला दोन ते चार आठवडे लागतात. फोड झाकून ठेवायचे आणि कपडे न झटकता धुवायला टाकायचे. निकट संपर्कातल्यांनी 21 दिवस स्वतःवर लक्ष ठेवायचं. माणसाच्या पेशींत वाढू न शकणाऱ्या विषाणूपासून केलेली नवी लस आता आहे. चार आठवड्यांच्या अंतराने तिचे दोन डोस घ्यायचे असतात. संपर्कानंतर चार दिवसांत ती दिली तर आजार टळण्याची शक्यता बरीच असते.

औषधाची गोष्ट वेगळी आहे. टेकोव्हिरिमॅट या विषाणूरोधक औषधावर मोठी भिस्त होती, पण काँगोतल्या चाचणीत त्याने फोड लवकर बरे झाले नाहीत. मात्र औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण 1.7 टक्केच राहिलं. एरवी तिथे ते 3.6 टक्के किंवा त्याहून जास्त असतं. चाचणीतल्या या सगळ्या रुग्णांना दाखल करून घेतलं होतं, त्यांच्या जखमांची निगा राखली जात होती आणि त्यांना पोटभर खायला मिळत होतं.