राजवाड्याभोवतीचा बाजार आणि मिरवणुकीचा रस्ता

इंदूरात राजवाड्याजवळचा एखादा रस्ता खोदला गेला की दुकानदारांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सणाच्या आत होईल का? दिवाळीचं गिऱ्हाईक, अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे सजवलेले फिरते देखावे, रंगपंचमीची गेर म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, काही ना काही पुढे असतंच. रस्त्याचं काम आणि उत्सवाची तारीख यांची ही सांगड स्मार्ट सिटीच्या काळात पडलेली नाही. ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि एकदा तर तिचा वापर मुद्दाम, सरकारी धोरण म्हणून झाला होता.

आधी बाजाराचं. इंदूर हे मुळातच व्यापाऱ्यांचं गाव. 1716 साली राव नंदलाल मंडलोई यांनी मुघल दरबाराकडून करमाफीची सनद मिळवली आणि जुन्या इंदूरला पेठ वाढू लागली, असं इथला इतिहास सांगतो. होळकर आले, मल्हाररावांनी 1747 च्या सुमारास खान नदीच्या अलीकडे राजवाड्याचं काम काढलं आणि वस्तीचा मध्य हळूहळू नदी ओलांडून या बाजूला सरकला. 1801 मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी शहर लुटलं, जाळलं. मग 1818 मध्ये होळकर आणि इंग्रजांमध्ये मंदसोरचा तह झाला, राजधानी इंदूरला आली आणि अफू-कापसाच्या पैशावर बाजार पुन्हा उभा राहिला. सराफा, बर्तन बाजार, मारोठिया बाजार, खजुरी बाजार, शीतलामाता बाजार: दर गल्लीला एक धंदा. ही मांडणी थोडीफार आजही टिकून आहे. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत पुस्तकांसाठी खजुरी बाजारात आणि लग्नाच्या भांड्यांसाठी बर्तन बाजारातच जावं लागतं, मॉल कितीही होवोत.

या बाजाराला स्वतःचं एक न्यायालयही होतं. ‘अकरा पंच’ नावाची सावकार-व्यापाऱ्यांची पंचायत देण्याघेण्याचे आणि दिवाळखोरीचे तंटे सोडवत असे, आणि होळकर दरबार तिला मान देत असे. नगरपालिका 1870 ची. म्हणजे ‘बाजाराचं बाजाराने बघावं’ ही सवय नगरपालिकेच्या आधीची. आजच्या व्यापारी संघटना महापालिकेशी ज्या ठसक्यात बोलतात, त्याचं मूळ मला तरी तिथेच दिसतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्या निघाल्या, माणसं वाढली आणि प्लेगने शहर हैराण झालं. तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने तेव्हा पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ असलेला हा माणूस गावोगाव पायी हिंडून नकाशे करणारा होता. इंदूरवरचा त्याचा दोन खंडांचा अहवाल 1918 चा. शहर सुधारायचं म्हणजे जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढायचे, ही त्या काळच्या इंजिनिअरांची रीत त्याला मान्य नव्हती. पडकं घर तेवढं काढा, त्या जागी छोटा चौक करा, झाड लावा, विहीर साफ करा, गल्ली तशीच राहू द्या, असं त्याचं म्हणणं. पाडापाडीने गरीब माणूस घराबाहेर पडतो आणि दुसरीकडे अजून दाटीने राहतो, हे तो सारखं बजावत असे.

पण लोक ऐकतील कसे? प्लेगच्या धास्तीने आधीच सगळे भेदरलेले, त्यात नकाशे घेऊन फिरणाऱ्या साहेबावर कोण विश्वास ठेवणार? गेडिसने महाराजांकडून दिवाळीच्या मिरवणुकीचं नियोजन मागून घेतलं आणि दवंडी पिटवली की यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या वाटेवर सगळ्यांत जास्त घरं झाडून-रंगवून, दुरुस्त करून तयार असतील, त्या वाटेने जाईल. झालं! शहरात झाडलोटीची आणि डागडुजीची चढाओढ लागली. माती, कचरा, पडझडीचा माल गाड्या भरभरून बाहेर जाऊ लागला.

मिरवणूकही त्याने फार हुशारीने रचली होती. पुढे हत्ती, घोडे, वाजंत्री. मग घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर. त्यांच्यामागे शहराचे सफाई कामगार, नवे पांढरे कपडे घालून, हारफुलांनी सजून, हातात नवे झाडू घेऊन. त्यानंतर इंदूर नगराची देवी आणि होऊ घातलेल्या शहराचे देखावे. शेवटी राक्षस आणि उंदीर आतषबाजीत जाळले. ज्यांच्या सावलीचाही तेव्हा विटाळ मानत, त्या माणसांना देखाव्याच्या मधोमध मानाने चालवणं ही त्या मिरवणुकीतली सगळ्यांत धाडसाची गोष्ट होती. आज देशभर इंदूरच्या स्वच्छतेचं कौतुक होतं. 2017 ते 2023 स्वच्छ सर्वेक्षणात दरवेळी आपण पहिल्या नंबरावर होतो आणि गेडिसचं नाव मात्र बहुतेकांच्या कानावरही नाही.

पुढे मिरवणुकीचा मान गिरणी कामगारांकडे गेला. 1920 च्या दशकात हुकुमचंद मिलने अनंत चतुर्दशीला गणपतीची झांकी काढली, मग इतर गिरण्या आल्या. रात्रभर झांक्या, पुढे आखाड्यांचे पट्टे फिरवणारे खेळाडू. जेल रोड, कृष्णपुरा, जवाहर मार्ग, शीतलामाता बाजार करत पहाटे राजवाडा. गिरण्या बंद पडल्या, हुकुमचंद मिलच्या कामगारांना तर थकबाकीसाठी 2023 पर्यंत वाट पाहावी लागली, पण झांक्या अजून निघतात. आता त्यांना महापालिका वगैरे संस्थांच्या अनुदानाचा टेकू आहे.

गेरची गोष्ट वेगळी. होळकरांच्या राजवाड्यापुढची सरकारी होळी आणि प्रजेबरोबरची रंगपंचमी इथून ती आली असं मानतात. आजचं रूप टोरी कॉर्नरसारख्या मोहल्ल्यांनी दिलेलं. गोराकुंड ते राजवाडा या पट्ट्यात लाखोंची गर्दी, टँकर, रंग उंच फेकणारी यंत्रं. आदल्या दिवशी राजवाडा आणि आसपासच्या जुन्या इमारती प्लास्टिकने झाकतात, दुकानदार आपापल्या पाट्या गुंडाळतात आणि गेर पुढे सरकली की मागोमाग पालिकेची झाडणारी फौज उतरते. संध्याकाळी त्याच रस्त्यावर दुकानं उघडलेली सापडतात.

2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत इंदूर आलं आणि राजवाड्याभोवतीचा 742 एकरांचा भाग निवडला गेला. 1984 च्या आगीत होरपळलेल्या राजवाड्याची आणि कृष्णाबाईंनी 1832 मध्ये बांधलेल्या गोपाळ मंदिराची दुरुस्ती झाली, ती चांगलीच झाली. रस्त्यांबद्दल मात्र दुमत आहे. बडा गणपती ते कृष्णपुरा रस्ता रुंद करताना कित्येक घरांचे पुढचे भाग पाडले गेले. मिरवणुकीला, रहदारीला जागा मिळाली, हे खरं. पण त्या घरांचे ओटे गेले, जिथे बसून आजी-आजोबा झांकी बघायचे, आणि गेडिसने जे करू नका म्हणून सांगितलं होतं नेमकं तेच झालं.

छप्पन दुकान ही खाऊगल्ली त्यामानाने सोपं प्रकरण. 2020 मध्ये छप्पन दिवसांत गाड्या बाहेर काढून ती गल्ली पायी चालणाऱ्यांची केली. तिथे पाडायला जुनी घरंच नव्हती. सराफ्यात असं जमत नाही. दिवसा सोनं, रात्री शटर पडलं की त्याच पायऱ्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, खोपरा पॅटिस. रात्रीच्या वर्दळीने दागिन्यांच्या दुकानांची आपोआप राखण होते म्हणून सराफांनीच ही खाऊगल्ली वाढू दिली, असं जुने लोक सांगतात. आता सराफांनाच गॅसच्या टाक्यांची आणि आगीची भीती वाटते. जुने पारंपरिक ठेले ठेवावेत आणि नंतर घुसलेले नूडल्स-मोमोवाले हलवावेत, अशी त्यातून तडजोड निघते आहे.

2025 मध्ये मेट्रो धावू लागली, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. राजवाड्याखालून जायच्या भुयारी टप्प्यावर व्यापाऱ्यांची हरकत आहे: जुन्या इमारतींचे पाये, खोदकामात बुडणारा धंदा, आणि काम चालू असेल त्या वर्षांत गेर कुठून न्यायची.