तिकीट वणीचे, दावा परराज्यात: लॉटरीच्या बक्षीस-नियमांची पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या आठवडी बाजारात घेतलेल्या लॉटरीच्या तिकिटाला बक्षीस लागले, तर ते मागायचे कुठे आणि किती दिवसांत, हे तिकीट कुठे विकले गेले यावर ठरत नाही. ते कोणत्या राज्याने काढले यावर ठरते. त्यामुळे एकाच टपरीवर शेजारी-शेजारी लटकणाऱ्या दोन तिकिटांच्या मुदती, अर्ज आणि कार्यालये वेगवेगळी असू शकतात.

१८४४ च्या कायद्याने सरकारी परवानगीवाचून चालणाऱ्या लॉटऱ्या बंद केल्या आणि १८७० मध्ये दंड संहितेत त्यासाठी स्वतंत्र कलम आले. पुढे राज्यघटनेने जुगार राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांत ठेवला, पण सरकारने चालवलेली लॉटरी मात्र केंद्रसूचीत टाकली, आणि पुढील बहुतेक वाद या विभागणीतूनच निघाले. केरळने १९६७ मध्ये लॉटरी सुरू केली. महाराष्ट्राची लॉटरी एप्रिल १९६९ मधली असून मटक्याकडे जाणारा पैसा सरकारी तिकिटाकडे वळावा हा तिचा एक जाहीर हेतू होता. वरली-मटक्याच्या धाडींच्या बातम्या आजही नित्य वाचणाऱ्या आमच्या भागात तो हेतू साधला असे कोणी म्हणणार नाही.

राज्ये वाढत्या संख्येने लॉटऱ्या काढू लागली, तशी प्रत्येकाला दुसऱ्याची तिकिटे आपल्या हद्दीत नकोशी झाली. महाराष्ट्राने परराज्यांच्या तिकिटांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये टिकू दिली नाही. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना अशी बंदी घालण्याचा अधिकार दिला. मात्र पुढच्याच वर्षी न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला की जे राज्य स्वतःची लॉटरी चालवत नाही, तेच इतरांची रोखू शकते. तामिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरीच बंद करून प्रश्न मिटवला. महाराष्ट्राने स्वतःची चालू ठेवली, म्हणून ईशान्येकडील राज्यांची तिकिटे यवतमाळ-चंद्रपूरच्या दुकानांत येण्याचा मार्गही खुला राहिला. त्याच १९९८ च्या कायद्याने बक्षीस मागण्याची मुदत ठरवण्याचे काम आयोजक राज्यावर सोपवले. देशभर एकच मुदत ठेवण्याची संधी तेव्हा होती आणि ती घेतली गेली नाही, हे या विषयातले सर्वांत कमी चर्चिले गेलेले वैगुण्य आहे.

चर्चा झाली ती भलत्याच शब्दाची: तिकीट म्हणजे माल की दावा, म्हणजे पुढे पैसे मागण्याचा नुसता हक्क? प्रश्न विक्रीकरातून आला. १९८५ मध्ये न्यायालयाने तिकिटाचे दोन तुकडे पाडले. सोडतीत भाग घेण्याचा हक्क हा माल, म्हणून त्याच्या विक्रीवर कर; आणि बक्षीस मिळण्याचा हक्क हा निव्वळ दावा, म्हणून तो कराबाहेर. पाच रुपयांचे तिकीट घेणाऱ्याच्या मनात असे दोन हक्क वेगळे असतात का, असा साधा प्रश्न कोणत्याही विक्रेत्याला विचारला असता तरी उत्तर मिळाले असते. ते उत्तर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच मोठ्या पीठाकडून आले: भाग घेण्याचा हक्क बक्षिसाच्या आशेपासून वेगळा काढता येत नाही, त्यामुळे संपूर्ण तिकीट हाच एक दावा आहे आणि तो माल नाही. विक्रीकर गेला. पण २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याने ‘वस्तू’च्या व्याख्येतच असे दावे घेतले, लॉटरीला करपात्र ठेवले, आणि २०२० मध्ये न्यायालयाने ते मान्य केले. म्हणजे तिकीट दावाच राहिले, पण कायद्याच्या व्याख्येपुरते वस्तूही झाले. या कराचा दर मार्च २०२० पासून सर्व राज्यांच्या तिकिटांना सरसकट २८ टक्के होता आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. तो तिकिटावर बसतो, बक्षिसावर नव्हे. आपल्याकडे ही गल्लत वारंवार होते.

या सगळ्यात ‘दावा’ या शब्दाची विजेत्याला उपयोगी बाजू मागे पडली. तिकीट हा दावा असेल, तर तो आयोजक राज्याविरुद्धचा दावा आहे आणि तिकीट हरवणे म्हणजे बहुधा दावाच हरवणे. महाराष्ट्राच्या तिकिटावरील दहा हजार रुपयांपर्यंतचे बक्षीस विक्रेता देतो. त्यावरील रकमेची मागणी नवी मुंबईतल्या वाशीच्या लॉटरी कार्यालयाकडे करावी लागते. गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्सप्रेस रात्रभर धावून मुंबई गाठते, हे लक्षात घेतले की या नियमाचा भार कोणावर पडतो ते कळते. केरळच्या तिकिटाला सोडतीपासून तीस दिवसांची मुदत आहे. पाच हजारांवरील बक्षिसासाठी तिकीट बँकेमार्फत किंवा तेथील सरकारी लॉटरी कार्यालयात द्यावे लागते आणि सोबत छायाप्रती, फोटो, रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली पावती अशी कागदपत्रे जोडावी लागतात. ते तिकीट केरळबाहेर अधिकृतपणे विकलेही जात नाही; तिकडे कामाला गेलेला मजूर ते खिशात घेऊन गावी परतला, तर मुदतीचे दिवस प्रवासातच उडू लागतात.

दहा हजारांवरील बक्षिसातून ३० टक्के प्राप्तिकर आधीच कापला जातो, आणि ही कपात सर्व राज्यांत सारखी आहे. इतर उत्पन्न करमर्यादेच्या आत असले किंवा शेतीचे असले, तरी लॉटरीच्या रकमेला किमान करमुक्त मर्यादेचा लाभ नसल्यामुळे हा कर परत मिळत नाही. दूरचा प्रवास, पॅन कार्ड आणि ही कपात यांचा हिशेब करून ओळखीच्या माणसाला तिकीट कमी रकमेत देऊन टाकण्याचा मोह होतो, आणि त्या व्यवहारात तिकिटासोबत दावाही जातो.

मुदतीत मागणी न झालेली रक्कम १९९८ च्या कायद्यानुसार राज्य सरकारची मालमत्ता होते, आणि ते राज्य म्हणजे तिकीट काढणारे राज्य, विकत घेणाऱ्याचे नव्हे.