अपडेट घेताना कॉन्फ्लिक्ट आल्यास काय करावे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचे बिलिंग आणि साठा-नोंदीचे सॉफ्टवेअर सोर्स कोडसह घेऊन त्यात आपल्या कारखान्याच्या गरजेप्रमाणे बदल करून घेणारे अनेक ग्राहक नाशिक परिसरातील सातपूर, अंबड, सिन्नर आणि दिंडोरी भागात आहेत. आम्ही नवीन आवृत्ती प्रसिद्ध केल्यावर ती आपल्या कोडमध्ये मिसळताना कधी कधी गिट, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन, अर्ध्यातच थांबते आणि कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) असल्याचा संदेश देते. तो संदेश पाहून काय करावे आणि काय करू नये, हे आपल्या प्रोग्रामरच्या हाताशी असावे म्हणून हे पत्रक दिले आहे. यातील आज्ञा वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाइप कराव्यात.

प्रथम हे लक्षात घ्यावे की कॉन्फ्लिक्ट म्हणजे बिघाड नव्हे. गिट तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहते : दोन्ही बाजूंचा शेवटचा समान मजकूर, आपण त्यात केलेला बदल आणि आम्ही केलेला बदल. बदल वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर ती दोन्ही स्वीकारते. एकाच ओळीत किंवा अगदी लगतच्या ओळींत दोघांनी वेगळे बदल केले असतील, तर कोणता ठेवायचा हे तिला ठरवता येत नाही आणि ती निर्णय माणसावर सोपवते. हा निर्णय बदलामागचा हेतू समजून घेतल्याशिवाय घेता येत नाही, आणि बहुतेक चुका तो न समजता घाईने एक बाजू निवडल्यामुळेच होतात.

एक उदाहरण सविस्तर पाहू. द्राक्ष निर्यातदारांना पुठ्ठ्याचे खोके पुरवणारा एखादा कारखाना आमचे सॉफ्टवेअर वापरतो, असे समजा. मूळ कोडमध्ये कर काढण्याची ओळ अशी होती :

कर = रक्कम * 12 / 100

कारखान्याच्या प्रोग्रामरने मोठ्या ग्राहकांना दिली जाणारी सूट आधी वजा करून मग कर काढावा, असा बदल केला. दरम्यान 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले, पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, आणि आम्ही त्याच ओळीत बिलाच्या तारखेनुसार दर घेण्याची सोय केली. अपडेट मिसळताना फाइलमध्ये पुढील मजकूर दिसेल :

<<<<<<< हेड
कर = (रक्कम - सूट) * 12 / 100
=======
कर = रक्कम * कर_दर(बिल_तारीख) / 100
>>>>>>> ओरिजिन/मेन

वरचा भाग आपला आहे आणि खालचा आमच्याकडून आलेला. केवळ वरचा ठेवला तर जुन्या दराने बिले निघत राहतील. केवळ खालचा ठेवला तर सूट वजाच होणार नाही. दोन्ही हेतू जपणारी योग्य ओळ या दोन्हींपैकी एकही नाही :

कर = (रक्कम - सूट) * कर_दर(बिल_तारीख) / 100

ही ओळ लिहून तिन्ही खुणांच्या ओळी काढून टाकाव्यात, फाइल जतन करावी, ‘गिट ॲड’ करून मग ‘गिट कमिट’ करावे, म्हणजे बदलाची कायम नोंद होते. एखादी खूण चुकून राहिली आहे का, हे ‘गिट ॲड’ करण्यापूर्वी ‘गिट डिफ --चेक’ या आज्ञेने तपासता येते. मूळ ओळ काय होती हे आठवत नसेल, तर ‘गिट चेकआउट --कॉन्फ्लिक्ट=डिफ3’ आणि पुढे फाइलचे नाव दिल्यास दोन्ही बाजूंच्या मध्ये मूळ मजकूरही दिसतो. मात्र या आज्ञेने कॉन्फ्लिक्ट नव्याने मांडला जातो आणि त्या फाइलमध्ये तोवर केलेली दुरुस्ती पुसली जाते, म्हणून ती काम सुरू करण्यापूर्वीच वापरावी.

आपण ‘मर्ज’ (दोन्ही बाजू मिसळणे) ऐवजी ‘रिबेस’ (आपले बदल आमच्या नव्या आवृत्तीवर पुन्हा लावणे) वापरत असाल तर बाजू उलट होतात : वर आमचा मजकूर येतो आणि खाली आपला. ‘अवर्स’ (आपली बाजू) आणि ‘देअर्स’ (समोरची बाजू) हे पर्यायही त्याच रीतीने उलटतात. या एका कारणाने आपलाच बदल नकळत गेल्याच्या तक्रारी आमच्याकडे येतात, आणि म्हणून आमच्या अपडेटसाठी आपण मर्जच वापरावे असे आम्ही सुचवतो.

अपडेट घेण्यापूर्वी ‘गिट स्टेटस’ पाहून अर्धवट राहिलेले बदल कमिट करून घ्यावेत. त्यानंतर थेट ‘पुल’ (आणून लगेच मिसळणे) न करता ‘गिट फेच’ (नुसते आणणे) करावे, काय आले आहे ते ‘गिट लॉग’मध्ये वाचावे आणि मग ‘गिट मर्ज ओरिजिन/मेन’ द्यावे. संगणक बदलल्यानंतर पुल अचानक नकार देऊ लागले, असा अनुभव काहींना येतो. गिटच्या नव्या आवृत्त्यांत, दोन्ही बाजू वेगळ्या झाल्या असतील तर त्या कशा जुळवायच्या हे गिट आपल्याला आधी विचारते, एवढेच त्याचे कारण आहे.

बदल ‘स्टॅश’मध्ये (तात्पुरते बाजूला) ठेवले असतील आणि ‘स्टॅश पॉप’ने ते परत आणताना कॉन्फ्लिक्ट आला, तर घाबरू नये. अशा वेळी स्टॅश नष्ट होत नाही. दुरुस्ती पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावरच तो ‘ड्रॉप’ करावा, म्हणजे काढून टाकावा.

एखाद्या वेळी दोन ओळी बदललेल्या असताना संपूर्ण फाइलच कॉन्फ्लिक्टमध्ये दिसते. बहुधा विंडोजवरील एडिटरने ओळींच्या शेवटची अदृश्य चिन्हे बदललेली असतात. असे दिसल्यास हाताने दुरुस्ती करत बसू नये. ‘गिट मर्ज --अबॉर्ट’ने मागे यावे आणि ‘-एक्स रीनॉर्मलाइझ’ हा पर्याय देऊन पुन्हा मर्ज करावे. ओळींचा शेवट कोणत्या पद्धतीने ठेवायचा याची नोंद ‘गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये असली, तर या पर्यायाचा नीट उपयोग होतो.

आमचे काही जुने ग्राहक गिटऐवजी अजून सबव्हर्जन हे त्याच कामाचे जुने साधन वापरतात. तेथे अपडेटच्या यादीत फाइलपुढे ‘सी’ हे अक्षर आले की कॉन्फ्लिक्ट समजावा. निर्णय पुढे ढकलण्याचा पर्याय निवडल्यास त्या फाइलशेजारी आपली प्रत, जुनी प्रत आणि नवी प्रत अशा तीन जादा फाइली तयार होतात. मूळ फाइल दुरुस्त करून ‘एसव्हीएन रिझॉल्व्ह --ॲक्सेप्ट=वर्किंग’ द्यावे; तोवर कमिट होत नाही. जादा फाइली हाताने पुसू नयेत, त्या या आज्ञेने आपोआप जातात.

कॉन्फ्लिक्ट सुटला म्हणजे काम झाले असे मात्र धरू नये, आणि हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आम्ही एका फाइलमध्ये फंक्शनचा अर्थ बदलला आणि आपण दुसऱ्या फाइलमधून ते जुन्या अर्थाने वापरत असाल, तर गिटला काहीच आक्षेप नसतो, परंतु बिल चुकते. म्हणून प्रत्येक अपडेटनंतर चाचणीच्या डेटाबेसवर सूट असलेले निदान एक नवीन बिल काढावे आणि 22 सप्टेंबर 2025 पूर्वीचे एक बिल पुन्हा छापून पाहावे; त्यावर जुनाच दर (वरील उदाहरणात 12 टक्के) दिसायला हवा. द्राक्षांचा हंगाम आणि आर्थिक वर्षाची अखेर एकत्र येतात त्या मार्च महिन्यात, तातडीचे कारण नसल्यास, चालू यंत्रणेवर अपडेट घेऊ नये.

मार्ग सापडत नसेल तर ‘गिट रिसेट --हार्ड’ कधीही देऊ नये, कारण कमिट न केलेले बदल त्याने कायमचे जातात. मर्जपूर्वी सर्व काही कमिट केले असेल तर ‘गिट मर्ज --अबॉर्ट’ आपल्याला सुरक्षितपणे पूर्वस्थितीत आणते. ते देण्यापूर्वी ‘गिट स्टेटस’चा संपूर्ण मजकूर, गिटची आवृत्ती आणि खुणांसह जशीच्या तशी असलेली फाइल आम्हाला पाठवावी. डेटाबेसचा पासवर्ड असलेली सेटिंगची फाइल सोबत जोडू नये. आपण केलेला बदल कशासाठी होता हे दोन ओळींत लिहून पाठवल्यास आम्हाला योग्य ओळ सुचवणे सोपे जाईल.