पर्सिमन आणि अंजीर

पर्सिमन (डायोस्पायरॉस काकी) आणि अंजीर (फायकस कॅरिका) ही पिकल्यावर मऊ व मधुर होणारी, ताजी आणि वाळवूनही खाल्ली जाणारी दोन फळे. मुंबईच्या बाजारात अंजीर पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहे. पर्सिमन मात्र अजून नवखेच. भगव्या रंगामुळे आणि चपट्या आकारामुळे पहिल्या नजरेत ते टोमॅटो समजले जाते. गोडी आणि उष्मांक यांत दोन्ही जवळपास बरोबरीची आहेत. खरा फरक पिकण्याच्या रीतीत आहे. अंजीर झाडावरच पिकावे लागते, पर्सिमन कच्चे आणून घरी पिकवता येते. शहरातल्या ग्राहकाला दोन्ही फळे कोणत्या अवस्थेत मिळतात, हे बहुतांशी यावरूनच ठरते.

पर्सिमन एबेनेसी कुलातले. विडीला पाने पुरवणारा विदर्भातला तेंदू, म्हणजेच टेंभुर्णी, याच डायोस्पायरॉस प्रजातीतला. रानात पिकलेली टेंभुर्णीची फळे ज्याने चाखली आहेत, त्याला पर्सिमनची चव पूर्ण परकी वाटणार नाही. अंजीर वड, पिंपळ आणि उंबर यांचे भावंड. पर्सिमन एकाच फुलाच्या बीजांडकोशापासून तयार होते आणि त्या फुलाची चार निदले फळाच्या माथ्यावर टोपीसारखी टिकून राहतात. अंजिराचे तसे नाही. आपण ज्याला फळ म्हणतो ती आतून पोकळ, मांसल पिशवी असते. शेकडो सूक्ष्म फुले तिच्या आतल्या भिंतीवर असतात. उंबराचे फूल कुणाच्या दृष्टीस पडत नाही, तेही याच रचनेमुळे. खाताना दाताखाली कुरकुरतात त्या बिया म्हणजे प्रत्यक्षात एकेक स्वतंत्र इवलेसे फळ होय.

अंजिराच्या काही प्रकारांत परागणासाठी एक बारीक गांधीलवर्गीय कीटक तळाच्या छिद्रातून आत शिरतो. महाराष्ट्रात लावले जाणारे ‘पूना’ अंजीर परागणाशिवायच फळते, त्यामुळे त्यात किडा असतोच ही मुंबईत वरचेवर ऐकू येणारी समजूत पुरंदरच्या अंजिराला लागू पडत नाही. अनेक जैन घरांत अंजीर वर्ज्य असते. त्यामागे उंबरवर्गीय फळांत सूक्ष्म जीव असतात हा जुना धार्मिक विचार आहे आणि तो या कीटकापुरता मर्यादित नाही.

पर्सिमनचे वेगळेपण त्याच्या तुरटपणात आहे. हाचियासारखे टोकदार, तुरट वाण कडक असताना चावले, तर जीभ जाड होते आणि सारे तोंड आवळून येते. फळातली विद्राव्य टॅनिने (पाण्यात विरघळणारी तुरट द्रव्ये) लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, त्याचा हा परिणाम. फळ पिकत जाते तशी ही टॅनिने अविद्राव्य होतात. ती नाहीशी होत नाहीत, पण जिभेला जाणवेनाशी होतात. पिकलेले हाचिया हाताला पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे लिबलिबीत लागते. अशा वेळी ते सडले म्हणून टाकून देणारे अनेक असतात. खरे तर ते त्याच वेळी खाण्याजोगे झालेले असते. फुयू हा चपटा वाण मात्र कडक असतानाही गोड लागतो आणि सफरचंदासारखा कापून खाता येतो. स्पेनमध्ये तुरट वाणाची फळे बंद खोलीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात. प्राणवायूअभावी फळात ॲसिटाल्डिहाइड तयार होते, ते टॅनिनांना बांधून टाकते आणि फळ कडक राहूनही गोड लागते. घरगुती उपाय म्हणजे केळ्यांसोबत कागदी पिशवीत ठेवणे. केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीनने पर्सिमन लवकर मऊ पडते. कच्चे तुरट पर्सिमन उपाशीपोटी भरपूर खाणे बरे नव्हे. टॅनिने पोटातल्या आम्लात घट्ट होऊन कधीकधी त्यांचा कठीण गोळा तयार होतो.

अंजिराला अशी सवड नाही. कच्चे तोडले तर देठातून पांढरा चीक गळतो. त्यात फिसिन हे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते, म्हणून कच्च्या फळाने ओठ-जीभ चुरचुरते. तोडल्यावर ते मऊ पडेल, पण गोडी वाढणार नाही. पिकलेले तोडले तर एक-दोन दिवसांत ओघळते, आंबते. त्यामुळे पुरंदर तालुक्यातल्या सासवड, दिवे, सोनोरी परिसरातून निघालेला माल वेळ न दवडता शहरात पोचवावा लागतो. ‘पुरंदर अंजीर’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे दोन बहार धरतात. खट्टा बहाराची फळे हिवाळ्यात येतात. मीठा बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि तीच अधिक गोड. ताजे अंजीर विकत घ्यायचे ते या दुसऱ्या बहाराचे.

पर्सिमनचा हंगाम शरदातला, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर. हिमाचलात, विशेषतः कुलू भागात, त्याला जापानी फळ म्हणतात. तिथला माल कडक असल्याने दूरच्या प्रवासातही टिकतो. मुंबईत पर्सिमन शोधायचे तर क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणी, आयात फळांच्या गाळ्यांवर.

पोषणात चुरस फारशी नाही. १०० ग्रॅम ताज्या पर्सिमनमध्ये सुमारे ७०, तर ताज्या अंजिरात सुमारे ७४ किलोकॅलरी असतात. कॅल्शियम अंजिरात अधिक (सुमारे ३५ मिलिग्रॅम, पर्सिमनमध्ये ८), बीटा-कॅरोटीन पर्सिमनमध्ये. सुक्या अंजिराचा हिशेब वेगळा. पाणी उडाल्याने १०० ग्रॅमला जवळपास २५० किलोकॅलरी भरतात, हे ‘साखरविरहित’ अंजीर रोल खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

वाळवण्याची परंपरा दोन्हीकडे आहे. मशीद बंदरच्या सुक्या मेव्याच्या दुकानांत दोऱ्यात ओवलेले अफगाणी अंजीर टांगलेले दिसते. जगात उत्पादनात तुर्कस्तान आघाडीवर आहे. जपानमध्ये सोललेली तुरट पर्सिमने दोरीला टांगून आठवडेच्या आठवडे वाळवतात, मधूनमधून हाताने चोळतात. त्याला होशिगाकी म्हणतात. अशा वाळवलेल्या पर्सिमनवर पांढरी पूड येते ती बुरशी नसून आतून वर आलेली साखर असते. सुक्या अंजिरावरही अशी साखर धरते, पण तिथे वास घेऊन खात्री केलेली बरी.

आइस्क्रीम, बर्फी, मिल्कशेक यांत अंजिराने मुंबईत आपली जागा पक्की केली आहे. पर्सिमनला इथल्या स्वयंपाकघरात तसे ठरलेले काम अजून मिळालेले नाही. फुयूच्या चकत्या डाळिंबाच्या दाण्यांसोबत, मीठ-जिरेपूड भुरभुरून छान लागतात. पिकलेले हाचिया शिजवण्याच्या फंदात पडू नये. उष्णतेने त्याचा तुरटपणा कधीकधी परत येतो. वरची टोपी काढून ते चमच्यानेच खावे.