गिळण्याचे व्यायामोपचार (वृद्धावस्थेतील)

उतारवयात अन्न, पाणी किंवा औषधाची गोळी गिळताना होणारा त्रास कमी व्हावा म्हणून जीभ, घसा, हनुवटीखालचा भाग आणि उच्छ्वासाचे स्नायू यांना ठरावीक पद्धतीने दिल्या जाणाऱ्या कसरतींना गिळण्याचे व्यायामोपचार म्हणतात. या त्रासाला वैद्यकात डिस्फेजिया अशी संज्ञा आहे. अन्न घट्ट किंवा पातळ करणे, हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे यांसारख्या उपायांनी त्या घासापुरते निभावते. व्यायामांचा हेतू मात्र गिळण्याची मूळ शक्तीच वाढवण्याचा असतो.

वयपरत्वे जिभेचा जोर घटतो, लाळ कमी होते आणि गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया उशिरा सुरू होते. एवढ्याने आजार होतोच असे नाही. पण पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश किंवा दीर्घ आजारपणातील स्नायुक्षय यांची भर पडली की अन्नकण श्वासनलिकेत जाऊ लागतात आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. चहा पिताना ठसका लागणे, गिळल्यावर आवाज ओलसर, घोगरा होणे, जेवणाला फार वेळ लागणे ही घरच्यांच्या सहज लक्षात येणारी लक्षणे होत. काही रुग्णांना मात्र अन्न श्वासनलिकेत गेले तरी ठसका लागत नाही, त्यामुळे केवळ खोकल्यावर विसंबता येत नाही.

या उपचारांतील सर्वांत अभ्यासलेला प्रकार म्हणजे अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील पोटविकारतज्ज्ञ रेझा शेकर यांनी 1997 मध्ये मांडलेला, डोके उचलण्याचा व्यायाम. त्यामागील विचार असा : अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप नुसती सैल पडून पुरेशी उघडत नाही, हनुवटीखालचे स्नायू कंठास्थी आणि स्वरयंत्र यांना वर व पुढे ओढतात तेव्हा ती ताणली जाऊन उघडते. ही ओढ कमी पडली की घास घशातच रेंगाळतो. म्हणून रुग्णाने उताणे झोपून, खांदे न उचलता, पायाची बोटे दिसतील इतके डोके वर करून एक मिनिट धरायचे, मग एक मिनिट विसावा घ्यायचा, असे तीनदा करायचे; त्यानंतर न थांबता 30 वेळा डोके उचलून खाली टेकवायचे. हा क्रम दिवसातून तीनदा, सहा आठवडे चालतो. नळीने अन्न घ्यावे लागणाऱ्या रुग्णांवर शेकर यांच्या गटाने 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही या व्यायामानंतर तोंडाने खाणे पुन्हा सुरू करता आल्याचे आढळले.

कागदावर सोपा दिसणारा हा व्यायाम सत्तरी ओलांडलेल्या माणसाला जड जातो. गिळण्याशी थेट संबंध नसलेले मानेचे स्नायू आधी थकतात, आणि मानेच्या मणक्यांचा विकार असलेल्यांना तो देताच येत नाही. त्यावर पर्याय म्हणून सिंगापूरच्या संशोधकांनी 2014 मध्ये बसल्या बसल्या हनुवटीखाली रबरी चेंडू धरून तो दाबण्याची पद्धत मांडली. जीभ टाळूवर दाबण्याचे आणि झडप असलेल्या उपकरणात जोराने फुंकण्याचे व्यायामही प्रचलित आहेत. दुसऱ्याचा उपयोग विशेषतः कंपवाताच्या रुग्णांत खोकल्याचा जोर वाढवण्यासाठी होतो. जीभ दातांत धरून गिळण्याचा मासाको व्यायाम केवळ लाळ गिळून करायचा असतो. घास तोंडात असताना तो करणे धोक्याचे आहे.

कोणता व्यायाम द्यायचा हे दोष कोठे आहे त्यावर ठरते. त्यासाठी बेरियम मिसळलेले पदार्थ गिळायला देऊन क्ष-किरण चलच्चित्रण करतात किंवा नाकातून दुर्बीण घालून घसा पाहतात. हे काम वाक्-उपचारतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ मिळून करतात. तपासणीविना सर्वांना सरसकट एकच तक्ता देण्यात फारसा अर्थ नाही.

व्यायाम चालू असतानाही आहाराची काळजी सुटत नाही. साध्या पाण्यापेक्षा मऊ वरण-भात अनेकांना सोपा जातो, तर रस्सा आणि फोडी वेगळ्या राहणारी भाजी द्रव व घन एकाच घासात आणत असल्याने अवघड ठरते. मिळवलेली ताकद सराव थांबला की ओसरू लागते, त्यामुळे सुधारणेनंतरही कमी प्रमाणात व्यायाम चालू ठेवावा लागतो. सूचना समजून पाळता येत नाहीत अशा प्रगत स्मृतिभ्रंशात या उपचारांना फार वाव राहत नाही. तेथे भरवण्याची पद्धत, बसण्याची स्थिती आणि तोंडाची स्वच्छता यांवरच भर द्यावा लागतो.